सहा वाजून दहा मिनिटांची फाइल

१

गुरुवारी सकाळी दहा वाजून पाच मिनिटांनी अमरावतीच्या त्या बियाणे तपासणी प्रयोगशाळेत दोन जर्मिनेटर, चौदा थर्मामीटर, एक संगणक, चार खुर्च्या आणि तीन माणसं होती. चौथी खुर्ची रिकामी होती. तिच्यावर पांढरा एप्रन घडी करून ठेवलेला होता आणि एप्रनवर किल्ल्यांचा जुडगा.

थर्मामीटर मोजणं माझं कामच. दर तीन महिन्यांनी मी अकोल्याहून येते, बी उगवायला ठेवतात त्या कपाटांत, म्हणजे जर्मिनेटरमध्ये, माझं प्रमाण थर्मामीटर ठेवते आणि त्यांचे पंचवीस अंश खरोखर पंचवीस आहेत का ते पाहून सही करते. माणसं मोजायची वेळ एरवी येत नाही.

"ज्योत्स्ना कुठे आहे?" मी विचारलं.

प्रयोगशाळेचे प्रमुख केशवराव यांनी संगणकाचा पडदा माझ्याकडे वळवला.

"माया मॅडम, तुम्ही मापातलं माणूस. एकाच पोत्यातलं सोयाबीन एका ट्रेमध्ये अठ्ठावन्न टक्के उगवते अन् दुसऱ्यात अठ्ठ्याहत्तर. कसं?"

पडद्यावर दोन ओळी होत्या. नमुना ४१७ : ७८. नमुना ४३१ : ५८. सत्तरच्या वर बियाणं पास, खाली नापास.

"एकाच पोत्यातलं हे कोणाला माहीत होतं?"

"फक्त मले. मोजणाऱ्याची परीक्षा घ्यायची म्हणून कधीमधी मी एकच बी दोन नंबरांनी टाकतो. ज्योत्स्नानं मोजलं. बुधवारी अकराला आकडे भरले. अन् मग हे पाहा." त्यांनी फाइलवर बोट ठेवलं. "शेवटचा बदल, बुधवार, संध्याकाळी सहा वाजून दहा मिनिटं. सहा दहाले या इमारतीत एकच माणूस होतं."

ते रिकाम्या खुर्चीकडे पाहत होते.

"शनिवारी पत्र जाईल. मोजणाऱ्यांच्या यादीतून तिचं नाव कमी. पुन्हा कोणतीच लॅब तिले घेणार नाही."

२

ज्योत्स्ना मागच्या व्हरांड्यात, पाण्याच्या टाकीजवळ उभी होती. चांदूर रेल्वेहून रोज येते. पाच वर्षांत दोनदाच उशीर झाला, असं केशवरावांनीच मला एकदा कौतुकानं सांगितलं होतं.

"मॅडम, तुमी मापं तपासता ना? मंग हे बी तपासा."

"सहा दहाला काय करत होतीस?"

"ट्रे धुऊन राहिली होती. माही गाडी सातनंतरची. रोजच थांबतो मी सहा चाळीसपर्यंत, साऱ्यायले ठाऊक आहे. त्या मशीनले हातबी लावला नाही."

"तुझा पासवर्ड कोणाकडे आहे?"

"कोणापाशीच नाही. अन् मी बदललं असतं तं प्रोग्राममध्ये माह्या नावानं नोंद पडली असती. सर म्हणतात, नोंद नाही म्हणजे तू नोंदबी पुसली." ती हसली, पण चेहरा रडवेला होता. "नोंद असती तं चोर, नाही तं मोठी चोर."

"४१७ चा आकडा तू किती भरला होतास?"

"पक्का आठवत नाही, एकवीस नमुने होते. पण अठ्ठ्याहत्तर वाचून मले नवल वाटलं असतं. त्यातली लय रोपं मुरगळलेली होती. काल मोजून झाल्यावर फेकून बी दिली."

या हंगामापासून तिथे कागद बंद झाले होते. मोजणी थेट संगणकावर जाई. म्हणजे खऱ्या आकड्याची जागा जगात एकच होती, आणि तिथे आता ७८ होतं.

"४१७ कोणाचं बियाणं आहे?"

"मले कसं माहीत असंन? आमाले फक्त नंबर भेटते. नाव-नंबराची वही मंजुषाताईच्या ड्रॉवरात."

"काल दिवसभरात वेगळं काय घडलं?"

तिनं विचार केला. "अकोल्याचे शेखरभाऊ आलते, कॉम्प्युटर अपडेट कराले. दिवस त्यातच गेला. साडेबाराले आमी जेवलो. सर, मी अन् शेखरभाऊ. सरांनी स्वतः वाढलं, शेखरभाऊ पाच भाकरी खाऊन गेले बाप्पा! मंजुषाताईचा चतुर्थीचा उपास होता, त्यायचा डबाच नव्हता."

"आणि जेवणातून कोणी उठलं?"

"सर वाढून राहिले असता कोन उठते?"

मला हे सगळं निरुपयोगी वाटलं. प्रश्न साडेबाराचा नव्हता, सहा दहाचा होता.

३

नमुने स्वीकारणाऱ्या मंजुषाताईंनी मला न विचारता चहा आणला. त्या अंजनगाव सुर्जीच्या. बोलणं गोड आणि हात सतत कामात.

"पोरगी वाईट नाही हो," त्या हळूच म्हणाल्या. "चुकलं असंन. सरायनं इतकं ताणू नये."

"तुम्ही काल किती वाजता गेलात?"

"साडेपाचले. हजेरीवहीत पाहा. भाजी घेतली, सहाले घरी. शेजारीण होती बसलेली."

वही पाहिली. शेखर ५.२०, मंजुषाताई ५.३०, केशवराव ५.४५, ज्योत्स्ना ६.४०. चारही सह्या वेगवेगळ्या अक्षरांत, एकही खाडाखोड नाही.

"नाव-नंबराची वही तुमच्याशिवाय कोण उघडतं?"

"सर. बाकी कोनी नाही. किल्ली माह्या कमरेले."

माझ्या डोक्यात एक शंका उभी राहिली. ४१७ बदलणाऱ्याला ४१७ कोणाचा हे माहीत असणार. नाहीतर एकवीस नमुन्यांतला नेमका तोच का बदलावा? ज्योत्स्नाला ते माहीत नव्हतं. मंजुषाताईंना होतं, पण त्या सहाला घरी होत्या. केशवरावांनाही माहीत होतं. मग केशवराव? पण ४३१ही त्याच पोत्यातला हे त्यांना ठाऊक होतं, त्यांनी स्वतःच तो घातला होता. ते बदलणार असते तर दोन्ही बदलले असते, आणि मला आपणहून दाखवलं नसतं.

उरलं घड्याळ. संगणकाचं घड्याळ चुकलं असेल तर सहा दहा हे सहा दहा नव्हतंच. मी माझं घड्याळ काढलं, रेडिओच्या वेळेशी जुळवलेलं, आणि पडद्यावरच्या सेकंदांशी लावून पाहिलं. तीनदा.

फरक चार सेकंद.

घड्याळ बरोबर होतं. याचा अर्थ ज्योत्स्नाच्या विरुद्धचा पुरावा मी स्वतःच्या हातानं पक्का केला होता.

केशवराव माझ्या मागे उभे होते. "तपासून झालं?" त्यांनी विचारलं.

४

शुक्रवारी दुपारी अकोल्यात शेखरच्या दुकानात गेले. जुन्या कापड बाजाराच्या गल्लीत दहा बाय आठची जागा, भिंतीला उघडे पडलेले संगणक.

"माह्यावर शक घेऊन राहिल्या का मॅडम?" मी प्रश्न विचारायच्या आधीच तो म्हणाला. "केशवराव सरायचा फोन आलता. सहा दहाले मी बडनेऱ्याच्या पुढे बसमध्ये उभा होतो. बसाले जागा भेटली मुर्तिजापूरले."

"तिथे बुधवारी काय काय केलंत, क्रमानं सांगा."

"जुन्या सिस्टिमचे अपडेट बंद झाले, नवी टाकाची होती. पण मशीन म्हातारी. अपडेट अर्ध्यात अटकलं तं सारा डेटा गेला. म्हणून माही एक पद्धत आहे." त्यानं खिशातून निळा पेनड्राइव्ह काढला. "याच्यात एक पुरी वेगळी सिस्टिम आहे. मशीन याच्यावरून चालू कराची. आतली सिस्टिम झोपलेलीच राहते, पण तिची डिस्क आपल्याले उघडी दिसते. सारं बाहेर कॉपी कराचं, मंगच अपडेट."

"पासवर्ड?"

"पासवर्ड झोपलेल्या सिस्टिमचा, नावाची नोंदबी तिच्याच प्रोग्रामची. इथं कोन विचारते?"

माझ्या वहीत मी 'पासवर्ड नाही' असं लिहिलं आणि खाली रेघ ओढली.

"नेट जोडलेलं होतं?"

"नेटची वायर तं सगळ्यात पहिले काढतो. नाहीतर अपडेट आपल्याच मनानं सुरू होते. सव्वाबाराले पेनड्राइव्हवर चालू केलं, फोल्डर उघडून पाहिलं, तेवढ्यात सरायनं जेवाले हाक मारली. सव्वाले येऊन कॉपी केली, पावणेदोनले अपडेट लावलं. पावणेपाचले झालं."

"ती कॉपी कुठे आहे?"

"ते पुसली, डिस्क भरली होती. अपडेट झाल्यावर नवी घेतली, ते आहे." त्यानं फळीवरून एक हार्ड डिस्क काढली. पांढऱ्या चिकटपट्टीवर निळ्या शाईत तारीख आणि '५.०५' लिहिलं होतं. "मी टाइम टाकतोच. उद्या भांडण नको."

५.०५ ला कॉपी, ५.२० ला शेखर बाहेर. सहा दहाचा बदल या प्रतीत असणं शक्य नव्हतं. म्हणजे इथे ज्योत्स्नाचा मूळ आकडा मिळणार होता. शेखरनं डिस्क जोडली. मी फाइल उघडली.

नमुना ४१७ : ७८.

शेवटचा बदल : बुधवार, सायंकाळ, ६.१०.

५

शेखर खुर्चीत मागे सरकला. "हे कसं काय बाप्पा? मी पाचले कॉपी केली तं सहा दहा वाजलेच नव्हते."

"तुम्ही घरी येऊन बदलली असेल."

"अन् टाइम सहा दहाचाच टाकला? लॅबमध्ये बी सहा दहा, इथं बी सहा दहा. मी काय दोन गावात एकाच मिनिटाले होतो का?"

त्याचं म्हणणं बरोबर होतं. सहा दहाला एक फाइल प्रयोगशाळेत होती आणि दुसरी धावत्या बसमध्ये, पिशवीत. दोन्ही त्याच मिनिटाला कोणी बदलू शकत नाही. बदल एकदाच झाला, आणि तो ५.०५ च्या आधी. म्हणजे फाइलवरची वेळ खोटी होती, पण घड्याळ खरं होतं. मी ते तीनदा पाहिलं होतं.

कोणत्या सिस्टिममध्ये पाहिलं होतं?

"शेखरभाऊ, एक प्रयोग करू. हे दुकानातलं मशीन पेनड्राइव्हवरून चालू करा. नेट काढा."

त्यानं केलं. कोपऱ्यात घड्याळ दिसलं : ४.२०. माझ्या मनगटावरही ४.२०. मी त्या मशीनच्या डिस्कवर एका रिकाम्या फाइलमध्ये एक आकडा लिहिला आणि जतन केला. मग पेनड्राइव्ह काढून मशीन नेहमीच्या सिस्टिममध्ये सुरू करायला सांगितलं. सात मिनिटं लागली.

नेहमीच्या सिस्टिमचं घड्याळ ४.२७ दाखवत होतं. माझ्या फाइलवर वेळ होती ९.५०, रात्रीचे. बाहेर गल्लीत ऊन होतं.

"भुताटकी," शेखर म्हणाला.

"साडेपाच तास," मी म्हणाले. "मशीनच्या आत सेलवर चालणारं एक घड्याळ असतं. त्यात नुसते आकडे असतात. ते कोणत्या देशाचे हे लिहिलेलं नसतं. नेहमीची सिस्टिम ते भारतातले मानते. पेनड्राइव्हवरची ते ग्रीनिचचे मानते. ती फाइलवर 'ग्रीनिचचे चार वीस' असा शिक्का मारते. मग नेहमीची सिस्टिम जागी होते, तो शिक्का वाचते, आणि ग्रीनिचला चार वीस म्हणजे भारतात नऊ पन्नास, असा हिशेब करते. नेट असतं तर पेनड्राइव्हवरच्या सिस्टिमला खरी वेळ कळली असती. वायर तुम्ही काढली होती."

"सहा दहातून साडेपाच काढले तं..."

"बारा चाळीस."

शेखरचा चेहरा पडला. बारा चाळीसला मशीन चालू होतं, फोल्डर उघडा होता, पासवर्ड नव्हता. ते तसं सोडून तो भाकरी खायला गेला होता.

"मॅडम," तो म्हणाला, "आमी तिघं तं जेवून राहिलो होतो."

६

शनिवारी दहाला केशवरावांच्या टेबलावर पत्र तयार होतं. फक्त सही बाकी होती. मी त्यांना दुकानातला प्रयोग प्रयोगशाळेच्या मशीनवर करून दाखवला. ११.०२ ची फाइल ४.३२ झाली. त्यांनी स्वतःचं मनगटी घड्याळ काढून टेबलावर ठेवलं आणि पुन्हा करायला लावला. ११.१९ ची ४.४९ झाली.

"बाराच्या पुढे चाळीस," ते सावकाश म्हणाले. "तेव्हा ज्योत्स्ना माझ्यासमोर होती. मी तिले कढी वाढत होतो."

"शेखरभाऊही समोर होते. ज्यानं बदललं त्याला ४१७ कोणाचा हे माहीत होतं, आणि ४३१ त्याच पोत्यातला हे माहीत नव्हतं. तुम्हाला दोन्ही माहीत. ज्योत्स्नाला आणि शेखरला एकही नाही."

खोलीत चौघं होतो. ज्योत्स्ना दाराशी उभी होती. मंजुषाताई वहीत काहीतरी लिहीत होत्या. त्यांचं लिहिणं थांबलं नाही, पण पेन त्याच ओळीवरून परत परत जात होतं.

"मंजुषाताई," केशवराव म्हणाले, "ती वही द्या."

"मले तं ते मशीन चालूबी करता येत नाही, सर."

"करावं लागलंच नाही," मी म्हणाले. "चालूच होतं."

केशवरावांनी स्वतः वही उघडली. ४१७ : अंजनगाव सुर्जी तालुक्यातला एक बीजोत्पादक गट. नमुना आणणाऱ्या सचिवाचं नाव देवानंद.

"कोण हा?"

पंख्याची एक पाती किंचित वाकडी होती. दर फेरीला टक् असा आवाज येई.

"भाऊ," मंजुषाताई म्हणाल्या. "सख्खा. बासष्ट घरायनं बी केलं सर. मळणीच्या वक्ती शेंगा भिजल्या, त्यायची काय चूक? त्यानं मले काही म्हटलं नाही. मीच पाणी घ्याले उठली, पडद्यावर फाइल दिसली. एक आकडा. पाचाच्या जागी सात."

"बासष्ट घरं मले बी समजतात," ज्योत्स्ना दारातून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ते बी ज्यायनं पेरलं असतं त्यायची घरं किती, ते मोजलं का ताई? अन् माह्यं एक घर? परवापासून मले पाहून राहिल्या तुमी. चहा बी पाजला. तोंडातून शब्द नाही निंघाला?"

"निंघत होता." मंजुषाताईंनी पहिल्यांदा वर पाहिलं. "पण मी केलं दुपारी, अन् फाइल सहा दहा म्हणून राहिली. सरायनं दाखवलं तवा मी बी चकरावली. मले वाटलं, माहा बदल जमलाच नसंन. ज्योत्स्नानंच काही केलं असंन. दोन दिवस मी मनाले तेच सांगून राहिली."

"अन् पटलं का मनाले?"

मंजुषाताईंनी कमरेची किल्ली काढून टेबलावर ठेवली.

केशवरावांनी पत्र चार तुकडे करून टोपलीत टाकलं आणि कोरा कागद घेतला. मग ज्योत्स्नाकडे वळून ते काही बोलणार, तेवढ्यात तिनंच हात वर केला.

"माफी नको सर. आकडा पाहिजे. माह्या मोजणीवर शक घेतला ना? प्रत्येक नमुन्याचं राखीव बी सीलबंद असते. ४१७ चं काढा. चारशे दाणे लावा. मी मोजतो अन् तुमी बी मोजा. वेगवेगळ्या खोलीत. कागदावर."

"तुझा शब्द पुरे आहे मले."

"मले नाही पुरत."

केशवरावांनी कपाटाची किल्ली घेतली.

७

सील माझ्यासमोर फोडलं. शंभराच्या चार गुंडाळ्या ओल्या कागदात लावल्या. जर्मिनेटर पंचवीस अंशांवर. माझ्या प्रमाण थर्मामीटरवर २५.१. आठव्या दिवशी, रविवार असूनही, दोघं आले. आधी ज्योत्स्नानं मोजलं. तिनं रोपं होती तशीच ठेवली, कागद घडी करून माझ्याकडे दिला आणि बाहेर व्हरांड्यात जाऊन बसली. मग केशवराव आत गेले. त्यांना सत्तेचाळीस मिनिटं लागली. तिला एकतीस लागली होती.

दोन्ही कागद मी एकदम उघडले.

ज्योत्स्ना : ५७, ६०, ५५, ५९. चारशेपैकी दोनशे एकतीस.

केशवराव : ५७, ६०, ५५, ५९. चारशेपैकी दोनशे एकतीस. म्हणजे अठ्ठावन्न टक्के.